रिपीटर कुणाची वाट बघत होता

वाघजाईची शप्पत, पोराबाळांची शप्पत, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शप्पत. आता जे सांगणारे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या खोऱ्यात मला थापाडी म्हणणारे लोक आहेत. मी त्यांना ओळखून आहे, निम्मे माझेच नातेवाईक आहेत. पण ही गोष्ट आमच्या रिपीटरची आहे, आणि रिपीटरच्या बाबतीत मंदाकिनी खोटं बोलत नाही.

आधी आमचं खोरं समजून घ्या. दोन्ही अंगांना डोंगर इतके उभे की सूर्य आमच्याकडे उशिरा येतो आणि लवकर जातो, सरकारी बाबूसारखा. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं फोनच नव्हता. मग मोबाईलचे टॉवर आले, आणि आम्ही बायकांनी रोज सकाळी एकमेकींना गुलाबाची फुलं पाठवण्यात अर्धं आयुष्य घालवलं. मग कंपन्यांनी टॉवर उतरवून नेले. म्हणाले, आता सगळं वरून येणार, उपग्रहातून. आलंही, साऱ्या जगाला आलं. पण उपग्रहाला उघडं आकाश लागतं, आणि आमच्या वाट्याला आकाश आलंय ते धोतराच्या काठाएवढं. उपग्रह या डोंगरावरून त्या डोंगराआड जाईपर्यंत जेमतेम 'कशी आहेस' होतं. 'बरी नाही' म्हणायच्या आत तो गेलेला असतो.

दरड कोसळली त्या सालानंतर हौशी रेडिओचं लायसन मराठीतून परीक्षा देऊन मिळायला लागलं. माझी सून केतकी आधीपासून त्यातली. तिनं खोऱ्यातल्या बायकांना ओसरीवर बसवून शिकवलं. शेंगा फोडता फोडता आम्ही ओहमचा नियम पाठ केला. मी पहिल्या झटक्यात पास झाले. रेडिओवर प्रत्येकाला सरकारी नाव मिळतं, कॉलसाईन. माझ्या कॉलसाईनची शेवटची तीन अक्षरं आली एन, ए, के. नाक. तेव्हापासून मी नाकवाली आजी.

आता रिपीटर म्हणजे काय ते सांगते. हातातल्या सेटचा आवाज सरळ रेषेत जातो, डोंगर आडवा आला की संपला. म्हणून वाघजाईच्या डोंगरावर, देवळाच्या मागं, एक मशीन बसवलेलं आहे. ते खोऱ्यातला बारीक आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्यानं सगळीकडं सांगतं. म्हणजे जिच्या पोटात काही राहत नाही अशी बाईच म्हणा. अशी एक प्रत्येक गावात असते. रिपीटर यायच्या आधी आमच्याकडं मीच होते.

फक्त त्याची ऐकायची लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वेगळी आणि बोलायची वेगळी, नाहीतर स्वतःच्याच ओरडण्यानं बहिरं व्हायचं. आणि बॅटरी वाचावी म्हणून त्याला एक दार असतं. कुणी बोललं की उघडतं, बोलणं थांबलं की बंद.

या दारानंच हेमलताचा घात केला होता. हेमलता माझी जिवाची मैत्रीण. टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या वाडीत एकटी राहते. तिला दमा. एक वाक्य बोलते, बटण सोडून दम खाते, मग पुढचं. तेवढ्यात रिपीटरला वाटायचं बाईचं झालं, आणि ते दार लावायचं. परत उघडेपर्यंत तिचे पुढचे दोन शब्द गिळले जायचे. एकदा ती सांगत होती की आमचा बोका गेला बाई कुठंतरी. त्यातला बोका गिळला गेला. 'गेला बाई' तेवढं साऱ्या खोऱ्यानं ऐकलं, आणि आम्ही चौघीजणी रडत तिच्या अंगणात. बोका तोवर परत येऊन भिंतीवर मिशा पुसत बसलेला.

तेव्हा केतकी म्हणाली, "आई, याला नुसता आवाज कळून उपयोग नाही. बोलणं कळलं पाहिजे."

तिनं रिपीटरला कान बसवला. कान म्हणजे काडेपेटीएवढं कार्ड. हल्ली माणसाचं बोलणं समजणारी असली कार्डं मिळतात, दळणाच्या गिरणीतसुद्धा एक आहे. केतकीनं त्याला शिकवलं की माणूस दम खात असेल तर दार उघडं ठेव. कुणी म्हणालं की पाणी पिऊन येते, तर त्याची जागा धरून दहा मिनिटं वाट बघ. अशा दोघीतिघी असल्या तर एकीची दहा मिनिटं झाली की दुसरीची. हेमलतानं पहिल्यांदा न तुटता अख्खी गोष्ट सांगितली तेव्हा दुपारी चारच्या आमच्या नेटवर सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या. नेट म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी सेटवर जमणं. गोष्ट तशी काही खास नव्हती. भेंडीची भाजी चिकट का होते यावर होती. पण पुरी झाली.

आणि मग रिपीटर मरायला लागला.

रोज संध्याकाळी. दिवेलागणीला पुरुषांचा नेट असायचा, त्यांनी सेट लावला की वर नुसती शांतता. सकाळी बघावं तर रिपीटर ठणठणीत. एका संध्याकाळी हेमलताला जोराचा दमा लागला. ती सेटवर हाका मारत राहिली आणि वरून कुणी ती हाक पुढं दिलीच नाही. शेजारचा गुराखी म्हैस शोधत आला म्हणून वाचली.

तिचा मुलगा निनाद पुण्याहून धावत आला. पोरगा चांगला आहे, पण घाबरला की माणूस कडक बोलतो. मला म्हणाला, "मावशी, आजवर तुमच्या रेडिओच्या भरवशावर तिला इथं राहू दिलं. अमावास्येनंतर येतोय. तोवर ते मशीन नीट चाललं तर ठीक, नाहीतर आईला पुण्याला नेणार."

हेमलता आतून म्हणाली, "मला विचारलंस का?"

"विचारलं तर तू नाही म्हणशील, आई."

"मग झालं की विचारून."

आमच्या रेडिओ क्लबचे अध्यक्ष दळवीसाहेब. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून डोंगर चढतात. त्यांनी दोन दिवस वर जाऊन तपासणी केली. केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय का बघितलं, कोरडं. ज्या पितळी डब्यांतून आवाज गाळून जातो ते ठोकून बघितले, ठीक. बॅटरी, सोलर पॅनल, सगळं ठीक. अँटेना थोडी वाकडी मिळाली, तिचं कारण मी सांगितलं: एक गवा रोज पहाटे खांबाला पाठ घासायला येतो. मी स्वतः त्याला शिंगाला धरून हाकललाय. दळवीसाहेबांनी हे लिहून घेतलं नाही.

अँटेना सरळ केली. संध्याकाळी रिपीटर परत मेला.

क्लबच्या बैठकीत साहेब म्हणाले, "हार्डवेअर निर्दोष आहे. मुद्दा एवढाच की बिघाड होतो तो महिलांच्या नेटनंतर. तासभर गप्पा चालतात, मशीन तापतं. माझं मत, चारचा नेट बंद करावा आणि तो कानही काढावा. पूर्वी हे मशीन बिनतक्रार चालायचं."

"पूर्वी हेमलताकाकूंचं निम्मं बोलणं गिळायचं, ती तक्रार नव्हती का?" केतकी म्हणाली.

"भावना समजतो मी. पण तंत्र भावनेवर चालत नाही."

मी म्हणलं, "साहेब, तुम्ही वर जाऊन तपासता तेव्हा काय बोलता त्या मशीनशी?"

"काय म्हणजे? हॅलो टेस्ट. रिपोर्ट द्या. त्र्याहत्तर."

त्र्याहत्तर हा रेडिओवाल्यांचा जगभरचा रामराम. निरोप घेताना म्हणायचा आकडा. पुरुष सगळे त्र्याहत्तर म्हणून सेट बंद करतात, आणि ते म्हणताना छाती जरा पुढं काढतात.

अमावास्या आठवड्यावर आली होती. केतकी म्हणाली, "दुखणं येतं त्या वेळेला डॉक्टरनं घरी असलं पाहिजे. आपण उद्या चारला वर बसू." दुसऱ्या दिवशी आम्ही सासूसुना डोंगर चढलो. मी पुढं, केतकी मागं. बकरी वाटेत भेटली ती माझा वेग बघून बाजूला झाली.

चारला नेट सुरू झाला. आम्ही मशीनचं कपाट उघडून समोर बसलो. मशीन बोलत असलं की लाल दिवा लागतो. दिवा लागत होता, विझत होता, सगळं सुरळीत. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या फणसावर माकडं आली. मग निरोप सुरू झाले. शोभना म्हणाली, "चला, येते गं." दिवा लाल. नलू म्हणाली, "मी पण येते हं." दिवा लाल. एकेक करत सगळ्या म्हणाल्या, शेवटी हेमलता दम खात म्हणाली, "बरं बायांनो... येते."

सगळ्यांचे सेट बंद झाले. खोऱ्यात कुणी बोलत नव्हतं. दिवा लालच.

केतकीनं मशीनच्या मागच्या पंख्याच्या पत्र्याला हात लावला आणि झटकला. "आई, तापायला लागलंय. बोलतंय कुणासाठी पण हे? ऐकायला कुणीच नाही."

आम्ही दोघी त्या दिव्याकडं बघत बसलो. देवळाच्या पायरीवर एखाद्या बाईनं नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसावं तसं ते मशीन बसलं होतं. आणि माझ्या तोंडून गेलं, "कार्टं वाट बघतंय."

केतकीनं माझ्याकडं बघितलं. मग ती उठली, सेट उचलला, बटण दाबलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "शोभनाकाकू जाते. नलूताई जाते. हेमलताकाकू जाते." अशी सगळ्यांची नावं घेतली.

दिवा विझला.

माझ्या अंगावर काटा आला, तो तांत्रिक कारणानं नव्हे. म्हणलं, "शुभ बोल गं. देवळाशी उभी आहेस."

पण ती हसत होती. हसता हसता खाली बसली. "आई, अहो हा कान कुणाच्या आवाजांवर शिकलाय माहितीये? शहरातल्या. हिशोबापुरतं बोलून थँक यू म्हणून फोन ठेवणाऱ्यांच्या. त्याच्या लेखी येते म्हणजे येणार. आपल्या सगळ्याजणी रोज येते म्हणतात आणि हा बिचारा एकेकीसाठी दहा दहा मिनिटं दार उघडं धरून उभा राहतो. रात्रीपर्यंत. तापून कोसळतो तेव्हाच थांबतो."

"मग पुरुष निरोप घेतात तेव्हा का नाही वाट बघत?"

"ते त्र्याहत्तर म्हणतात. ते त्याला पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी चारच्या नेटवर दळवीसाहेब मुद्दाम आले. कारण कळलं म्हणून खूशही होते. म्हणाले, "उत्तम. उपाय तर सोपाच आहे. महिलांनीही त्र्याहत्तर म्हणावं. नाही जमलं तर सरळ जाते म्हणावं."

मग हेमलताचा आवाज आला. "साहेब, घरातून निघताना तुम्ही वहिनींना काय सांगता?"

"काय सांगणार. येतो म्हणतो."

"त्र्याहत्तर नाही म्हणत?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हेमलतानं दम घेतला. कानानं दार उघडं धरलं. "मी वाडीत एकटी आहे. दिवसातनं एकदाच... माणसांत असते, ती इथं. उठताना तुम्ही म्हणता... जाते म्हण. रोज. एखाद दिवशी खरंच व्हायचं, आणि मशीनला वाटेल... बाई नियमानं बोलली."

साहेबांनी विचारलं, "मग करायचं काय, केतकी?"

"मशीनला मराठी शिकवायचं, सर. अर्धं शिकलंय, उरलेलं आपण शिकवू."

तिनं समजावून सांगितलं ते असं. कानाला अर्थ शिकवायचा तर व्याख्या देऊन चालत नाही, नमुने द्यावे लागतात, लहान मुलाला देतो तसे. निरोपाचं येते आणि खरंच परत यायचं येते, दोन्ही पुष्कळ वेळा, वेगवेगळ्या आवाजात. मग तोच फरक हुडकतो. आम्हाला सांगता येत नाही असा फरकही त्याला सापडतो.

मग आमच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. निरोपाचं सगळ्यांना पटकन जमलं, शेपटीला हं लागतो, आवाज खाली उतरतो. पंचाईत दुसऱ्याची. नलू परत यायचं येते असं म्हणायची जणू नाटकात काम करतेय. शोभना म्हणाली, "गॅसवर काही असल्याशिवाय मला ते म्हणताच येत नाही बाई." म्हणून तिच्यासाठी खरोखर दूध ठेवलं. उतू जायला लागलं तशी ती ओरडली, "येते थांब," आणि पळाली. केतकी म्हणाली, "हे. हे पाहिजे." त्या आठवड्यात आमच्या घरी इतकं दूध उतू गेलं की मांजरांनी पंचायतीत आभाराचा ठराव मांडला. दळवीसाहेबही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मान खाली घालून तीसेक वेळा येतो म्हणाले. घरात कसं म्हणता तसंच म्हणा सांगितलं तर लाजले.

शेवटी केतकीनं एक भर घातली. कुणी खरं येते म्हणून गेली आणि दहा मिनिटांत आलीच नाही, तर दार लावून मोकळं व्हायचं नाही. तिच्या नावानं हाक मारायची, साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी. ती हाक तिनं माझ्या आवाजात भरली.

"माझाच का?" मी विचारलं.

"तुमच्या हाकेला ओ न देण्याची खोऱ्यात कुणाची हिंमत आहे?"

हे मी सगळीकडं सांगते. सुनेनं सासूबद्दल असं म्हणलेलं तुम्ही कुठं ऐकलंय?

अमावास्या झाली. निनाद गाडी घेऊन आला. रिपीटर तोवर दोन संध्याकाळी न मरता चालला होता, पण तो म्हणाला, दोन दिवसांनी काय सिद्ध होतं. हेमलता त्याच्याशी भांडली नाही, म्हणजे ती खचली होती. चारला ती नेटवर आली. मागं बॅगांची ओढाताण ऐकू येत होती. आम्ही कुणीच पुण्याचा विषय काढला नाही. फणसावरच्या माकडांबद्दलच बोललो.

बोलता बोलता हेमलता म्हणाली, "बायांनो... येते."

एवढंच. हं नाही, गं नाही. मला वाटलं निरोप घेतला. सगळ्यांना तसंच वाटलं. आम्ही एकेक करून येते म्हणालो. पण कुणालाच सेट बंद करवेना, नुसत्या ऐकत बसलो. सेटमधून मंद खरखर येत राहिली. म्हणजे वर दिवा लाल होता. दार उघडं होतं.

केतकी माझ्याशेजारी होती. म्हणाली, "आई, आपल्या सगळ्यांचे निरोप त्याला कळले असणार, सोडून दिले. मग काकूंचं येते धरून का ठेवलंय?"

दहा मिनिटं झाली आणि सेटमधून माझाच आवाज आला. "हेमे, अगं कुठं राहिलीस? हेमे." परत. "हेमे, अगं कुठं राहिलीस?"

पुढचं निनादनं सांगितलं. तो अंगणात गाडीत गाद्या भरत होता. स्वयंपाकघरातून मंदामावशी आईला रागावतेय असं त्याला वाटलं. मावशी कधी आली म्हणून आत डोकावला तर ओट्यावर नुसता सेट, आणि आई नाही. मागच्या दारी गोठ्याच्या पायरीवर ती सापडली. ओठ निळे. दम लागला म्हणून दम्याचा पंप शोधत तिथवर गेली होती, पंप त्यानंच बॅगेत भरून ठेवलेला. त्यानं बॅग उपडी केली, पंप दिला, पाठ चोळत बसला. जरा रंग परतल्यावर सेट हातात घेतला. लायसन नसलेल्यानं बोलायचं नसतं, पण जिवावर बेतलं की नियम बाजूला होतो.

"मावशी," तो म्हणाला, "आई सापडली. आहे. बरी आहे."

त्याला बटण सोडायचं कळलं नाही, त्यामुळं साऱ्या खोऱ्यानं त्याचं रडणंही ऐकलं. कुणी त्याला ते अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडं आला. केतकीला म्हणाला, "वहिनी, पुण्याला मी आणि बायको सकाळी आठला बाहेर पडतो. तिथं आई पाच मिनिटं येते म्हणून उठली असती, तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं." त्यानं चहाची बशी बाजूला सरकवली. "ते मशीन तिच्या आवाजातलं ओळखतं. मला ओळखता आलं नाही. मी बाहेरून ऐकलं होतं ते, येते म्हणालेली. मला वाटलं, चला, निरोप घेऊन झाला."

केतकी म्हणाली, "आम्हालाही तेच वाटलं. आम्ही तर रोज ऐकतो तिला."

गाद्या उतरल्या. हेमलतानं त्याला दोन अटींवर माफ केलं. एक, पंपाला परत हात लावायचा नाही. दुसरी, त्यानं स्वतः परीक्षा द्यायची. दळवीसाहेबांनी त्याला पुस्तक दिलं आणि कान शिकवण्याची पद्धत कागदावर उतरवून इतर क्लबांना पाठवली. वर ठळक अक्षरांत केतकीचं नाव. खाली सहभाग म्हणून सगळ्या बायकांची नावं कॉलसाईनसकट. परवा पलीकडच्या खोऱ्यातून कोणी विचारत आलं, हे ज्यांनी केलं त्या कोण. मी म्हणलं, माझी सून. मग आठवलं म्हणून सांगितलं, आणि तिची सासू.

निनाद निघाला तेव्हा आम्ही सगळ्या टेपावर होतो. त्यानं गाडीची काच खाली केली, आईकडं बघितलं, आणि आमच्या बायकांसारखं शेपटीला हेल काढून म्हणाला, "येतो हं, आई."

आता शप्पत घेतलीये म्हणून एक सांगून टाकते. बाकी सगळं खरं, गवा सुद्धा. पण निनाद येतो हं म्हणाला नाही. तो म्हणाला, "चल, बाय," आणि गेला, पुण्याची मुलं जातात तसा. ते येतो मी माझ्या पदरचं घातलं.

पण पौर्णिमेला आला.